चौथा पोपट

विहिणीचा हेवा करू नये असं कुठल्या पोथीत लिहिलेलं नाही, आणि लिहिलेलं असतं तरी सुहासिनीने ते पान चटकन उलटून पुढचं वाचायला घेतलं असतं. विघ्नेश तिचा एकुलता एक मुलगा. त्याने वसईच्या खाडीकाठच्या शेतकरी घरातली जागृती पसंत केली तेव्हा तिने मनातल्या मनात थोडं नाकच मुरडलं होतं. मुलगी शिकलेली, नोकरी करणारी, सगळं खरं. पण तिची आई भागूबाई चौथीनंतर शाळेत गेली नव्हती आणि पाण्याला ‘पानी’ म्हणत होती. आपण जाऊ, जरा मोठेपणाने वागू, त्यांना अवघडल्यासारखं होऊ देणार नाही, असं ठरवून सुहासिनी साखरपुड्याला त्या घरी गेली आणि परत आली ती पोटात निखारा घेऊन.

काय नव्हतं त्या घरात! ओटीवर शिसवी झोपाळा. आत हंड्यांची उतरंड, एकेक हंडा असा की लहान मूल आत बसून आंघोळ करील. पानाचा डबा पितळी, समया पितळी, भाताची कणगी माणसाच्या उंचीची. पाटा-वरवंटासुद्धा आजेसासूचा. आणि हे सगळं मांडून ठेवलेलं नव्हतं, वापरात होतं. पाहुण्यांना पाणी दिलं तेही जुन्या फुलपात्रातून, आणि देणाऱ्या बाईला त्याचं काही वाटत नव्हतं. सुहासिनीला मात्र वाटलं. तिचा जन्म लालबागच्या एका खोलीतला, संसार गिरगावच्या एका खोलीतला. सासरी माणसं सहा आणि जागा एवढीशी. नवीन बादली आणली की जुनी त्याच दिवशी बाहेर जायची. चार-पाच वर्षांपूर्वी ती आणि प्रल्हाद विरारला बोळिंजमध्ये फ्लॅट घेऊन राहायला आले तेव्हा घरात सगळ्यात जुनी वस्तू कोणती, तर प्रल्हाद. बाकी सगळं सनमायका.

त्यातून भागूबाईचं ते एक वाक्य होतं. सुहासिनीने लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला कुकर नेला. भागूबाईने तो हातात घेतला, कौतुकाने झाकण उघडून पाहिलं आणि म्हणाली, “कशाला आनलात? आमच्याकडं हाय.” संक्रांतीला काचेचे बाउल नेले. “आमच्याकडं हायेत वो.” गावाहून आलेलं आमसुलाचं पोतडं नेलं तर त्याच्या दुप्पट सुकेळी, वसईची ती वाळवलेली केळी, पिशवीत भरून परत. बाईच्या आवाजात तोरा असता तर सुहासिनीने दोन शब्द सुनावून मन मोकळं केलं असतं. पण तोरा नव्हताच. होतं ते खरंच होतं, आणि म्हणून ते फार जळजळायचं. एकदा, आयुष्यात एकदाच, या बाईने आपल्याकडे काहीतरी मागावं, एवढीच सुहासिनीची इच्छा होती. देवापुढे उभी राहिली की ती आधी सगळ्यांच्या तब्येतीचं मागायची आणि मग हळूच हे.

जुन्या बाजाराचा नाद लागला तो योगायोगाने. घरातलं गंजलेलं लोखंडी कपाट विकायचं म्हणून ती माणिकपूरला आलोशियसच्या दुकानात गेली होती. चर्चवरून खाली येणाऱ्या गल्लीत त्याचा लांबट गाळा. त्या वर्षांत वसईत जुने बंगले पाडून इमारती उभ्या करायचा सपाटा सुरू होता, आणि बंगला पडला की त्यातलं सामान आलोशियसकडे यायचं. एकावर एक रचलेल्या खुर्च्या, आरशांची कपाटं, लंबकाची घड्याळं, कोणाच्या तरी आजोबांची वेताची आरामखुर्ची. त्या गर्दीत एका कोपऱ्यात काळवंडलेली समई उभी होती. सुहासिनीने कपाट दिलं आणि समई घेऊन आली. चिंच लावून घासली. उजळली तशी ती अशी काही दिसायला लागली की जणू या घरात जन्मापासून होती.

पुढच्या रविवारी भागूबाई लेकीला भेटायला आली. समईपाशी थांबली. “केवडी सुंदर हाय! कोनाची?”

आणि सुहासिनीच्या तोंडून निसटलं, “सासूबाईंची.”

भागूबाईने पदर सावरला आणि समईला वाकून नमस्कार केला. व्हायचं ते तिथेच झालं. इतके दिवस पोटात धुमसणाऱ्या निखाऱ्यावर कोणीतरी गार पाणी शिंपडलं असं सुहासिनीला वाटलं. भागूबाई गेल्यावर प्रल्हाद वर्तमानपत्राआडून म्हणाला, “माझ्या आईकडे एकच दिवा होता. तोही रॉकेलचा.”

“तुम्हाला काय आठवतंय? तुम्ही दिवसभर छापखान्यात.”

“आई असताना मी शाळेत होतो गं,” प्रल्हाद म्हणाला, पण तोवर ती स्वयंपाकघरात गेली होती.

मग दर शनिवारी बाईंची फेरी सुरू झाली. माणिकपूर तर होतंच, विरार पूर्वेला फुलपाड्यातलं एक मोठं गोडाऊनही तिने शोधून काढलं. तिथे न्हाव्याच्या खुर्चीपासून शाळेच्या बाकांपर्यंत काहीही असायचं आणि धूळ एवढी की घरी आल्यावर केस धुवावे लागत. पण बाई शिकत गेली. लाकडावर बोटाने टकटक करून पोकळ की भरीव ओळखायला लागली. दुकानदार पुढून पॉलिश मारतात, मागून मारत नाहीत, म्हणून वस्तू आधी उलटी करून बघायला लागली. आपण बघतोय त्या वस्तूकडे दुसरी कोणी बाई बघायला लागली की हिचा जीव वरखाली व्हायचा. मग ती त्या वस्तूवर पर्स ठेवून उभी राहायची. अशाने तिच्या सासूबाईंची इस्टेट महिन्यागणिक वाढत चालली. आधी पानाचा डबा आला, मग अडकित्ता आला. घरात सुपारी कोणीच खात नव्हतं, तरी आला. पुढे ताकाची चरवी-रवी आली. सासूबाई हयात असत्या तर स्वतःच्या श्रीमंतीने त्यांना घेरी आली असती.

भागूबाई प्रत्येक वेळी कौतुक करायची. प्रत्येक वस्तू हातात घेऊन, फिरवून बघायची. पण मागायची काही नाही. शेवटी हसून तेच, “आमच्याकडं बी हाय अशी.”

जागृतीला दिवस गेले. सातव्या महिन्यात डोहाळजेवण झालं आणि पहिलं बाळंतपण म्हणून ती माहेरी गेली. आता रीतच ती, त्याला कोण काय करणार! पण सुहासिनीला लागलं. नातवंड आपलं, आणि पहिली आंघोळ त्या घरात, पहिली दृष्ट त्या घरात, बारसंही त्याच घरात. आपण जायचं ते पाहुण्यासारखं, हातात खाऊचा पुडा घेऊन. एकदा सुनेला बघायला गेली असताना तिने सहज म्हणून विचारलं, “पाळणा काय, असेलच तुमच्याकडे पिढ्यानपिढ्यांचा?”

भागूबाई शेंगा सोलत होती. तिने मान वर केली नाही. “पालना हाय. पन जुना नाय वो तो. जागृतीच्या येळेला केलेला.”

सुहासिनीचे कान टवकारले. एवढ्या घरात, एवढ्या सामानात, एक वस्तू अशी होती जी जुनी नव्हती! परतीच्या रिक्षात तिचं ठरून गेलं. नातवंड पहिल्यांदा झोपेल ते आपल्या पाळण्यात. आपल्या म्हणजे सासूबाईंच्या.

पाळणा मिळणं मात्र सोपं नव्हतं. खाटा मिळत होत्या, कपाटं मिळत होती, पाळणे लोक विकत नाहीत. घरातलं मूल मोठं झालं की तो नात्यागोत्यात जातो, तिथून पुढे जातो. फुलपाड्याच्या गोडाऊनवाल्याने लोखंडी पाळणा दाखवला, दवाखान्यातला, चाकांचा. सुहासिनीने तो बघितलाही नाही. नातू झाला, फोन आला, पेढे वाटले, तरी पाळण्याचा पत्ता नव्हता. बारसं तोंडावर आलं आणि मग एका दुपारी आलोशियसने स्वतःहून फोन केला. “बाई, येऊन बघून जा. आलाय एक.”

शिसवाचा होता. कठडे कातीव, साखळ्या पितळी आणि चार कोपऱ्यांवर चार कोरीव पोपट. म्हणजे तीन पोपट. चौथ्याचं लाकूड पिवळट, वेगळंच होतं आणि ज्याने तो केला त्याने पोपट नीट पाहिलाच नसावा. चोच कोंबडीची, शेपूट आणखी कोणाची तरी. पण केला होता जीव लावून. पंखावर एकेक रेघ टोकदार खिळ्याने ओढलेली होती. सुहासिनीने सवयीने पाळणा उलटा करून बघितला, तळाला टिचक्या मारल्या. भरीव.

“बाई,” आलोशियस डोकं खाजवत म्हणाला, “एक सांगू? समई घेतली, डबा घेतला, ते ठीक. पाळणा घेताना लोक घर विचारतात. आमच्यातही विचारतात. कुठल्या घरचा, त्यात पोरं कशी झाली. मी गोडाऊनवाल्याकडून उचललाय, त्याने आणि कोणाकडून. तुम्हाला पाहिजे तर मागे मागे विचारत जातो. दोन-चार दिवस द्या.”

दोन-चार दिवसांत बारसं होऊन गेलं असतं. आणि खरं सांगायचं तर सुहासिनीला घर कळायलाच नको होतं. कोणाचं तरी नाव कळलं की पाळणा त्यांचा झाला. नाव नाही तोवर तो सासूबाईंचा. “काही नको विचारू,” ती म्हणाली. “टेम्पो बोलव.”

आलोशियसने खांदे उडवले आणि टेम्पो बोलावला.

बारशाच्या दिवशी पाळणा खाडीकाठच्या अंगणात उतरला तेव्हा सुहासिनीने त्याला असं काही पॉलिश करून आणलं होतं की त्यात तोंड दिसावं. कठड्यांना झेंडू, साखळ्यांना अबोली. वाडीतल्या बायका भोवती गोळा झाल्या. कोणी पोपटांवरून हात फिरवला, कोणी साखळ्या वाजवून बघितल्या. माजघराच्या तुळईला भागूबाईचा तो जागृतीच्या वेळचा पाळणा आधीच टांगलेला होता. साधा, सागवानी, कसलंही कोरीव काम नाही. विघ्नेशने आईच्या हट्टापायी तो उतरवून भिंतीशी ठेवला आणि हा टांगला.

“कुटून आनलाव एवडा मोटा?” एकीने विचारलं.

“आणायचा कुठून? घरचाच. माझ्या सासूबाईंचा.” सुहासिनीचा आवाज आपोआप चढला. “यांची पाच भावंडं याच पाळण्यात वाढली. पाचही धडधाकट.” प्रल्हाद दोन भावंडांपैकी एक होता. तो अंगणात जाऊन चप्पल शोधायला लागला.

तेवढ्यात भागूबाई बाळाचं टोपरं घेऊन आतून आली. पाळण्यासमोर आली आणि उभीच राहिली. तिच्या हातातलं टोपरं खाली पडलं. चेहऱ्यावरचा रंग उतरला, ओठ जरासे हलले, आणि नजर त्या चौथ्या पोपटावर जाऊन खिळली ती हलेना.

आणि सुहासिनीला जो आनंद झाला तो विघ्नेशच्या जन्माच्या वेळी झाला होता की नाही, तिचं तिलाच सांगता आलं नसतं. जळली! शेवटी जळली! दोन वर्षं आपण त्या ओटीवर बसून जे गिळत होतो ते आज तिच्या घशाखाली उतरतंय. हंडे असतील, कणगी असेल, पण असा पाळणा नाही! तिने पदराने कपाळ टिपलं आणि त्या जळण्यात आणखी एक लाकूड सारलं. “हा चौथा पोपट बघितलात का विहीणबाई? मूळचा तुटला होता. मग माझ्या सासऱ्यांनी स्वतःच्या हाताने केला. तसा वेडावाकडाच झालाय, पण नातवंडांसाठी केलेला, म्हणून आम्ही बदलला नाही.”

दारात जागृतीचे वडील शत्रुघ्न उभे होते. अबोल माणूस. दोन वर्षांत सुहासिनीशी ते दहा वाक्यंही बोलले नसतील. ते पुढे आले, त्या पोपटाच्या पंखावरून त्यांनी अंगठा फिरवला आणि विचारलं, “कोनी केला म्हनता?”

“आमच्या सासऱ्यांनी.”

शत्रुघ्न तिच्याकडे बघत राहिले. मग मागच्या दाराने बाहेर वाडीत निघून गेले. सुहासिनीने मनात म्हटलं, घ्या, हेही जळले.

भागूबाईने टोपरं उचललं. “इहीनबाय,” ती हळूच म्हणाली, “जरा आत या.”

आतल्या खोलीत कणगीच्या आडोशाला तिने सुहासिनीचा हात धरला. तिचा हात गार होता. सुहासिनी तयारच होती. हा पाळणा नको, आमचाच राहू दे, असं काहीतरी येणार आणि त्यावर काय बोलायचं हे तिने टेम्पोतच जुळवून ठेवलं होतं.

“जागृतीला ठाव नाय,” भागूबाई म्हणाली. “तिच्या आधी मला एक पोरगा होता. रामू. चांगला हसत होता. तीन महिन्यांचा झाला, ताप आला, आनि पालन्यातच गेला. मी बी तापात पडलेली. मूल गेलं की तो पालना घरात ठेवत नाय आमच्यात. ह्यांनी उचलला नि गावाबाहेर दिला कोनाला तरी. मला इचारलं नाय. बरी होऊन उठले त तुळई रिकामी.” तिने कणगीला हात टेकला. “त्या पालन्याचा एक पोपट तुटला होता. ह्यांनी फनसाच्या लाकडाचा केला होता. असाच. खिळ्यानं रेघा मारल्या होत्या, असाच.”

तोंडातला जुळवून आणलेला शब्द तोंडातच राहिला.

“पन तुमी सांगता सासऱ्यांनी केला. त असंल. सारकी मानसं असतात, सारका पोपट का नसावा?” भागूबाईने तिचा हात घट्ट धरला. “म्हनून इचारते. नातू हाय वो, मन मानत नाय. तुमी एकदा सांगा, तुमच्या सासूचाच हाय ना? तुमी हो म्हनलात त माझ्या मनात काय राहनार नाय. पालन्याबद्दल कोनी खोटं बोलत नाय.”

आता एकच शब्द हवा होता. नाही, एवढाच. पण त्या एका शब्दामागून किती शब्द येणार होते! पाळणा नाही म्हणजे समईही नाही, जिला या बाईने वाकून नमस्कार केला होता. मग डबा नाही, अडकित्ता नाही, पाच धडधाकट भावंडं नाहीत. बाहेर वाडीतल्या सगळ्या बायका बसल्या होत्या. या घरातून परत जाताना सुहासिनीकडे काहीच उरणार नव्हतं, सनमायका सोडून. आणि हा विचार करतानाही, एवढं ऐकल्यावरही, तिच्या मनात मत्सराचा तो जुना किडा वळवळलाच: दुःखसुद्धा यांच्याकडे जुनं, जपून ठेवलेलं.

“सासूबाईंचाच,” ती म्हणाली.

भागूबाईने डोळे मिटले, उघडले आणि सुटल्यासारखा श्वास सोडला. “मग झालं,” ती म्हणाली. “चला. पोर कवाचा भुकेलाय.”

माजघरात पाळण्याची पूजा झाली. रीतीप्रमाणे आधी वरवंट्याला कुंची घालून पाळण्यात निजवलं, बायकांनी झोके दिले, साखळ्या कुरकुरल्या. मग वरवंटा काढला. जागृतीने बाळ आईच्या हातात दिलं. भागूबाईने त्याला पाळण्यावर धरलं. तिने विश्वास ठेवला होता, पण हात ठेवत नव्हते. ते खाली जाईनात. बाळाने जांभई दिली, मूठ उघडली, मिटली. भागूबाईने एकदा सुहासिनीकडे बघितलं आणि हसली, तुमच्या शब्दावर ठेवते हं, अशी, आणि बाळाला खाली घ्यायला लागली.

“थांबा!”

सुहासिनी ओरडली तेव्हा तिचं तिलाही कळलं नाही. तिने पुढे होऊन बाळ विहिणीच्या हातातून जवळजवळ हिसकावलं आणि छातीशी धरलं. जागृती बावरून उभी राहिली.

“कडी,” सुहासिनी म्हणाली. “या साखळीची कडी हलतेय. मला दिसली. तुटेल.” कोणी काही बोलेना तशी ती आणखी मोठ्याने बोलायला लागली. “जुना आहे हो, कुजलाय आतून. मीच वेड्यासारखी घेऊन आले. विघ्नेश, हा उतरव. जागृतीचा टांग. जा लवकर.”

मागे कोणीतरी खुसखुसलं. “पाच जनांना पुरला नि बारा दिवसांच्या पोराला पेलेना!” हसू पसरलं. सुहासिनीने ऐकलं आणि मान खाली घातली. सागवानी पाळणा परत तुळईला चढला, बाळ त्यात निजलं, चुलत आत्याने कानात नाव सांगितलं, पाठीवर धपाटे बसले, घुगऱ्या वाटल्या. शिसवी पाळणा झेंडूच्या माळांसकट भिंतीशी पडून राहिला. भागूबाई मध्येच त्याच्यापाशी गेली. चारही साखळ्या तिने एकेक करून ओढून बघितल्या.

जेवणं उरकली, बायका पांगल्या, तेव्हा सुहासिनी मागच्या पडवीत एकटीच बसली होती. भागूबाई येऊन शेजारी बसली.

“कडी घट हाय,” भागूबाई म्हणाली.

“हो.”

“कुटं मिलाला?”

“माणिकपूरला. जुन्या सामानाच्या दुकानात. तो म्हणाला होता घर विचारू का म्हणून. मीच नको म्हटलं.” सुहासिनी वाडीतल्या केळींकडे बघत होती. “विहीणबाई, तुमच्याकडे सगळं आहे. मला बघवत नव्हतं. खरंच बघवत नव्हतं.”

भागूबाईने हे ऐकलं आणि जरा नवलाने तिच्याकडे बघितलं, आपल्या घरात एवढं बघवू नये असं काय आहे ते तिला कळलं नसावं. मग म्हणाली, “समई बी?”

सुहासिनीने मान हलवली.

“राहू दे. नमस्कार केला तो काय परत घ्यायचा हाय?” तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं. एवढ्या दोन वर्षांत सुहासिनीने तिला अवघडलेली पहिल्यांदा पाहिली. “इहीनबाय, एक मागू का? देवाल?”

सुहासिनी तिच्याकडे वळून बसली.

“तो पालना ठेवून जावा. वापरनार नाय, कोनाला दाखवनार बी नाय, माळ्यावर ठेवीन. त्याचा फोटू नाय माझ्याकडं, कपडा नाय. कायच नाय वो माझ्याकडं त्याचं.” आणि मग, जणू नकार येईल या भीतीने, तिने दोन्ही हात पुढे केले. “देवाल?”

दोन वर्षं सुहासिनीने या शब्दाची वाट बघितली होती. देवापुढे मागितला होता. तो असा येईल हे तिला कोणी सांगितलं असतं तर तिने सगळे हंडे, सगळ्या समया त्या बाईलाच लखलाभ म्हटल्या असत्या. तिने ते पुढे केलेले हात आपल्या हातांत घेतले आणि खाली केले. “माझा नाही हो तो द्यायला,” ती म्हणाली. “तुमचाच आहे.”

पाळणा माळ्यावर चढवला शत्रुघ्नांनीच. कोणाला हात लावू दिला नाही. चढवण्याआधी त्यांनी झेंडूच्या माळा काढल्या आणि त्या चौथ्या पोपटावरची पॉलिश धोतराच्या सोग्याने पुसायचा प्रयत्न केला. ती निघाली नाही. भागूबाई शिडीखाली उभी राहून बघत होती.

संध्याकाळी टेम्पो रिकामाच बोळिंजकडे निघाला. पुढे ड्रायव्हरशेजारी प्रल्हाद आणि सुहासिनी. प्रल्हादने स्टेशन मागे पडेपर्यंत धीर धरला. मग त्याने हळूच विचारलं, “आईचा पाळणा कुठे राहिला?”

सुहासिनी बाहेर बघत होती. रस्त्याच्या कडेला एक जुना बंगला अर्धा पाडलेला होता, आतलं सामान उचलून नेलेलं होतं आणि उघड्या पडलेल्या खोलीची तुळई तेवढी दिसत होती.

“दिला त्यांना. त्यांनी मागितला,” ती म्हणाली. मग थोडं थांबून, जुन्या सवयीने, “आता त्यांच्याकडे दोन पाळणे झाले,” असं म्हणाली आणि तिला रडू कोसळलं.